मार्च महिना, पोटदुखी आणि चाळीस रुपयांची कडी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या शाळेमागच्या कडुलिंबाची पानं गळायला लागतात, रोज सकाळी मैदान पिवळंधमक झालेलं असतं, पोरं त्या पानांचे ढीग करून त्यात उड्या मारतात आणि बरोबर त्याच दिवसांत माझ्या वर्गात पोटं दुखायला लागतात. दरवर्षी. हजेरी झाली की एक हात वर, "बाई, पोट दुखलालंय." त्याच्यामागून लगेच दुसरा. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका लहान शाळेत चौदा वर्षं शिकवतेय, बहुतेक वेळ तिसरी नाहीतर चौथी, आणि खरं सांगते, त्यातली पहिली दहा-अकरा वर्षं माझ्याकडे ह्या पोटदुखीला एकच उत्तर होतं. परीक्षा जवळ आली म्हणून चाललंय सगळं, जा पाणी पी आणि जागेवर बस.

आज लिहायला बसले कारण परवा मैत्रिणीचा फोन आला. ती शहरातल्याच जुळे सोलापूर भागात राहते, मुलगा दुसरीत, आणि गेले पंधरा दिवस रोज सकाळी तो पोट धरून बसतोय. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. नवरा म्हणतोय लाड करू नको, सासूबाई म्हणतायत दृष्ट काढ, ही बिचारी रडकुंडीला आलेली. फोनवर मला सगळं धड सांगता आलं नाही म्हणून म्हणलं लिहूनच काढते, तिच्यासारख्या अजून कुणाला उपयोग झाला तर झाला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या तिसरीत एक मुलगी होती, नाव नको लिहायला. घरी तेलुगू बोलायचे, आई विड्या वळायची, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. अक्षर सुरेख, गणित ठीक, बोलणं अगदी कमी. मार्च लागला, सकाळची शाळा सुरू झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं, रोज, साधारण साडेनऊ-दहाच्या सुमाराला. पहिले काही दिवस मी तिला बाकावर डोकं टेकून पडू दिलं. मग चाचणी आली, माझा पोर्शन राहिलेला, वरून माहिती भरायची घाई, आणि एक दिवस मी सगळ्या वर्गासमोर तिला बोलले, "रोजरोज तुझंच कसं गं दुखतं पोट?" वर्ग हसला. ती काही बोलली नाही, खाली बसली आणि वहीवर रेघा मारत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने पोट दुखतंय म्हणून सांगणंच बंद केलं. मला वाटलं, बघा, बरोबर होतं माझं. नंतर ती चार दिवस शाळेतच आली नाही.

आमच्याकडे खिचडी करायला एक मावशी येतात, त्याही तेलुगूच. ती मुलगी परत आली त्या दिवशी ताट घेऊन रांगेत उभी राहिली आणि खिचडी वाढताना नको म्हणाली. मावशींनी पळी बाजूला ठेवली, तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "कडुपु नोप्पि?" म्हणजे पोट दुखतंय का. जे मला महिनाभर कळलं नाही ते मावशींना पाच मिनिटांत कळलं. मुलींच्या बाथरूमच्या दाराची कडी तुटलेली होती. दार लागायचं नाही, तीन-चार पोरं मुद्दाम दार ढकलायची आणि हसत पळून जायची. म्हणून ती शाळेत बाथरूमला जायचीच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. घरून निघताना सुद्धा नाही. सकाळी सातपासून घरी जाईपर्यंत, सोलापूरच्या मार्चमध्ये, आठ वर्षांची पोरगी एक घोट पाणी न पिता बसत होती आणि मी तिला म्हणत होते जा पाणी पी.

त्या दुपारी मी घरी जाऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींना वेगळं बसवून विचारलं. आधी सगळ्या गप्प. मग एकीने सांगितलं, मग दुसरीने, आणि शेवटी माझ्या वर्गातल्या अकरा मुलींपैकी नऊ जणी हेच करत होत्या. पाणी प्यायचं नाही, दाबून धरायचं, घरी गेल्यावर पळत सुटायचं. पहिलीतल्या मुलींचं तर अजून वेगळंच निघालं. आधीची कडी चांगली होती तेव्हासुद्धा ती त्यांच्या कामाची नव्हती, कारण मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर बसवलेली, त्यांचा हातच पोचायचा नाही. त्या एकमेकींना दाराबाहेर उभं करून जायच्या आणि मैत्रीण आली नाही त्या दिवशी जायच्याच नाहीत.

पाणी कमी पडलं की लहान मुलांना शी कडक होते, साफ होत नाही, आणि मुलांच्या पोटदुखीचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आपल्याला मात्र सुचत नाही कारण आपण लगेच मनावर नाहीतर अभ्यासावर जातो. लघवी धरून ठेवली की जळजळ, इन्फेक्शन, मग परत पोटदुखी. डोकं दुखतं, चिडचिड होते, फळ्यावरचं लक्षात राहत नाही. आणि आपण म्हणतो पोरगी मागे पडली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मुलामुलींची वेगळी शौचालयं पाहिजेत, पिण्याचं पाणी पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय, आणि आमच्याकडे ते होतं, कागदावर पण होतं आणि प्रत्यक्षात पण होतं. बाथरूम होतं, कडी नव्हती. तपासणीला येणारा माणूस बाथरूम मोजतो. आत जाऊन दार लावून बघत नाही कुणी. मी तरी कधी बघितलं होतं का, आम्हा शिक्षकांचं बाथरूम वेगळं होतं.

कडी चाळीस रुपयांना मिळाली, कन्ना चौकातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून. एक पालक लूमवर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करणारे, हातात हत्यारं असतातच, ते शनिवारी येऊन बसवून गेले, पैसे घेतले नाहीत. मी त्यांना पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीला समोर उभं करून म्हणलं, हिचा हात जिथं पोचतो तिथं बसवा. त्यांनी दोन बसवल्या, एक खाली एक वर. ज्या पोरांनी दार ढकललं होतं त्यांना ओरडले, ते तर झालंच, पण नुसतं ओरडून ती परत मार्चमध्ये तेच करणार, म्हणून प्रत्येक वर्गात जाऊन करून दाखवलं, बंद दार असलं की टकटक करायची, आतून आवाज आला की मागं फिरायचं, लांब उभं राहायचं. मुलांनी वर्गाच्या दारावर करून बघितलं, खेळच झाला त्यांचा. आता ते आपल्या घरीपण टकटक करतात असं दोन आयांनी येऊन सांगितलं.

मग पाण्याची घंटा सुरू केली. केरळमध्ये 2019 ला शाळांमध्ये अशी घंटा सुरू झाली होती, तेव्हा पेपरात वाचलेलं आठवत होतं. आमची सकाळच्या शाळेत तीनदा वाजते. वाजली की हातातलं सगळं खाली, बाटली वर, दहा घोट. सगळ्यांनी एकदम, बाईंनी पण. एकेकट्याला जा पाणी पी म्हणलं की पोरं जात नाहीत, खेळ सोडून कोण जाणार, पण सगळ्यांबरोबर असलं की ती एक गंमत असते. आणि घंटेनंतर पाच मिनिटं बाथरूमची, रांगेत, आधी लहान वर्ग. हे पाच मिनिटांचं विसरू नका कुणी, नुसतं पाणी पाजून परत बाकावर बसवलं तर पोरं दुसऱ्या दिवशी घोट कमी करतात. लघवी हळदीसारखी पिवळी दिसली तर पाणी कमी पडलंय, जवळजवळ पाण्यासारखी दिसली तर ठीक, एवढं शिकवलं की ती स्वतःच येऊन सांगतात, मोठ्याने, सगळ्यांसमोर, त्यांना काही वाटत नाही, आपणच लाजतो.

ज्यांच्याकडे बाटली नाही त्यांचं काय हा प्रश्न आलाच. आमच्याकडे माठ आहेत दोन, आणि भरायचं पाणी हा सोलापुरात सगळ्या गोष्टींच्या मुळाशी असलेला विषय आहे. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. उजनी धरण एवढं भरलेलं असतं तरी.

आणि हे पाणी मुलांच्या झोपेत कसं येतं ते सांगते. मागच्या वर्षी एक मुलगा दर चार-पाच दिवसांनी पहिल्या तासाला झोपायचा, बाकीचे दिवस टवटवीत. मी वहीच्या मागच्या पानावर त्या तारखा लिहायला लागले आणि मग लक्षात आलं की ह्या त्यांच्या भागात पाणी यायच्या तारखा आहेत. पाणी रात्री दोनला येणार म्हणून घर सगळं जागं, मोटर लाव, पाईप धर, पिंपं भर, आणि हा दहा वर्षांचा पोरगा पाईप एका पिंपातून दुसऱ्यात टाकायच्या कामावर. त्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटेना. आता माझ्या वर्गाचा नियम असा की काल पाणी आलं होतं का हे सकाळी विचारायचं, आणि ज्यांच्याकडे आलं होतं त्यांनी मागच्या सतरंजीवर अर्धा तास डोकं टेकलं तरी चालतं. एका सरांना हे पटत नाही, शाळा काय झोपायला आहे का म्हणतात. मला पटतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, आणि ती मिळाली नाही तर पाढे पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही, सांगितलेलं टिकतच नाही.

2024 ला सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला होता तो ह्याच कारणासाठी, झोप पुरत नाही म्हणून. पण आमच्याकडे मार्च निम्मा झाला की दुपारी खोलीत बसवत नाही. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, आमच्या दोन खोल्यांवर पत्रा आहे, बारानंतर तिथं भाकरी भाजावी अशी अवस्था. म्हणजे सकाळची शाळा लावली की झोप जाते आणि दुपारची लावली की ऊन लागतं. मी सकाळचीच म्हणेन, पण मग रात्र लवकर झाली पाहिजे, आणि तिथं आपण पालक कमी पडतो. मार्चअखेर आयपीएल सुरू होते, साडेसातची मॅच अकरा-साडेअकरापर्यंत चालते, घरात एकच खोली, टीव्ही त्याच खोलीत, मुलगा कसा झोपणार. त्यात चैत्रातल्या जत्रा, गावाकडची लग्नं. मी पालकसभेत एवढंच मागते की आठवड्याचे पाच दिवस नऊला दिवा बंद करा, शनिवारी बघा म्हणावं मॅच. काही जण ऐकतात. एका वडिलांनी कानात घालायचं ते यंत्र आणलं, स्वतः अंधारात मोबाईलवर बघतात, पोरगा शेजारी झोपतो. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

खाण्याचं तर विचारूच नका. सात-सव्वासातला शाळा, म्हणजे पोरं चहा आणि खारी खाऊन येतात, कित्येक जण नुसता चहा, आणि खिचडी मिळेपर्यंत दहा वाजतात. पोटदुखीतली निम्मी ही उपाशी पोटाची आहे असं माझं मत झालंय. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य धरलेलं आहे, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ते एक जेवण आहे, सकाळच्या न्याहारीचा हिशोब त्यात नाही. आयांची सकाळ मी बघितलीय, वळलेल्या विड्या द्यायला लवकर जायचं असतं, त्यांना पोहे-उपमा करा सांगणं सोपं आहे. म्हणून मी आता नवीन काही करा असं सांगत नाही, घरात आहे तेच सांगते. रात्रीची भाकरी दह्यात कुस्करा, वर शेंगाची चटणी घाला. कडक भाकरी डब्यात द्या, ती काही खराब होत नाही. आणि आंबील. आमच्याकडे तेलुगू, कन्नड, मराठी सगळ्या घरांत उन्हाळ्यात ज्वारीची आंबील होते, ताक घालून, लसूण-जिरं घालून, ती एक पेला पाजून पाठवा, पाणी पण गेलं पोटात आणि पीठ पण गेलं. शाळेबाहेरच्या गारेगारवाल्याशी माझं भांडण नाही, पण त्याच्या बर्फाचं पाणी कुठलं हे त्यालाही माहीत नसतं.

ऊन लागण्याबद्दल एकदाच सांगते कारण ह्यात चूक परवडत नाही. लहान मुलांचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि खेळात असली की त्यांना कळत नाही. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, पाय दुखणं, खूप घाम, अशा वेळी सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, ओआरएस थोडंथोडं पाजायचं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची, अर्ध्या ग्लासात थोडी थोडी नाही, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये पण दोनदा सांगितलंय. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट. पण मूल बरळायला लागलं, झोपाळलेलं वाटलं, अंग भट्टीसारखं तापलं, झटका आला तर मग घरगुती काही करत बसायचं नाही, 108 ला फोन आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालायचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

ह्याच दिवसांत कांजिण्या पण येतात. पोराला शिक्षा केल्यासारखं वर्गातून हाकलू नका आणि आईनेही परीक्षा बुडते म्हणून पावडर लावून पाठवू नका, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवा, परीक्षा नंतर घेता येते. ॲस्पिरिन मात्र द्यायची नाही.

आता परीक्षेकडे येते. कारण मैत्रिणीच्या मुलाचं बहुतेक तेच असावं असं मला वाटतंय.

मागे दुसरीतला एक मुलगा पेपर समोर ठेवला की उलटी करायचा. खरीखुरी उलटी. त्याला कोपऱ्यात नेऊन विचारलं तर म्हणाला, "नापास झालो तर पप्पा चादरीच्या कारखान्यात घालणार हायत." सात वर्षांचा मुलगा. वडिलांना बोलावलं, ते हसायला लागले, अहो बाई तो आमचा बोलायचा डायलॉग आहे, माझ्या बापाने पण मला असंच म्हणलं होतं. मग मी विचारलं की तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मला खरंच घातलं होतं.

दुसरीत कुणी नापास होत नाही हो. पाचवीला आणि आठवीला 2023-24 पासून वार्षिक परीक्षा परत आली, त्यात नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवतात, पण पहिली ते चौथी असं काही नाही. हे मी दर वर्षी पालकसभेत सांगते आणि दर वर्षी निम्मे पालक पहिल्यांदा ऐकल्यासारखे बघतात. पोरांना तर कुणीच सांगितलेलं नसतं. मी वर्गात सरळ सांगते, ह्या पेपरवरून मला कळतं की मी कुठं नीट शिकवलं नाही. ते खरंच आहे, पोरांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. आणि पेपरच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटून श्वास वगैरे करण्यापेक्षा मी त्यांना मैदानाला एक चक्कर मारून आणते, कडुलिंबाला हात लावून परत. अंग हललं की पोट मोकळं होतं त्यांचं. 2025 ला परीक्षा 25 एप्रिलपर्यंत गेल्या, त्या उन्हात चक्करही नको वाटायची, तेव्हा माठाच्या खोलीत जाऊन ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहायचो सगळे.

त्या उलटीवाल्या मुलाला मी पहिले दोन पेपर तोंडी घेतले, माझ्याशेजारी स्टुलावर बसवून. तिसरा त्याने स्वतःच लिहिला. वडील रोज सोडायला यायला लागले, गेटवर त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. त्यांनी काय सांगितलं त्याला मला माहीत नाही.

चौथीतल्यांचं अजून एक दुखणं असतं ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. आमची शाळा चौथीपर्यंतच. निरोप समारंभाला सगळे नटून येतात, भाषणं होतात, पेन वाटतात, आणि त्यातल्या कितीतरी पोरांना रात्री झोप येत नसते की जूनमध्ये कुठं जायचं, तिथं कोण असणार, बाथरूम कुठं असणार. हो, बाथरूम कुठं असणार हे मला तीन मुलींनी लिहून दिलंय. म्हणून आता एप्रिलमध्ये एक दिवस आम्ही त्यांना चालत जवळच्या मोठ्या शाळेत नेतो. भाषण नको, स्वागत नको. वर्ग बघायचे, नळ कुठाय बघायचं, बाथरूम बघायचं, आत जाऊन कडी लावून बघायची, आपल्या शाळेतून गेलेली एखादी ताई भेटली तर तिच्याशी बोलायचं, परत यायचं. दीड तासाचं काम आहे. जमलं तर तुमच्या शाळेला सांगून बघा.

रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय, आणि आमच्या वर्गातल्या पोरी पहिला रोजा ठेवला की इतक्या अभिमानाने सांगतात, घरी रोजाखोलाईची तयारी चाललेली असते, नवे कपडे, फुलांचा हार. त्या दिवशी मी त्यांना कवायतीला उभं करत नाही, पाण्याच्या घंटेला वाचनकोपऱ्यात बसवते, सावलीत, आणि आईला घरी जाऊन मुबारक म्हणून येते, येता येता हेपण सांगून येते की चक्कर आली तर सोडायला लाजू नको म्हणा तिला. पाडव्याला परत सगळा वर्ग एक होतो. मराठी घरातून कडुलिंबाचा पाला-गूळ, कन्नड घरातून बेवु-बेल्ला, तेलुगू घरातून उगादी पच्चडी, कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट आणि कडुलिंबाचा मोहोर, सहा चवी एका वाटीत. आमच्याच झाडाचा मोहोर असतो, पोरं तोंड वाकडं करत खातात आणि परत मागतात.

मैत्रिणीसाठी एवढं. मुलाला समोर बसवून काय झालं सांग असं विचारू नकोस, सात वर्षांच्या पोराकडे तेवढे शब्द नसतात. गाडीवर मागे बसलेला असताना, शेंगा सोलताना, तू पोळ्या लाटताना तो पीठ मळत असताना बोलतात पोरं, डोळ्याला डोळा नसला की. काय झालं ह्यापेक्षा शाळेत बाथरूमला कुणाबरोबर जातोस, डबा कुणाशेजारी बसून खातोस, व्हॅनमध्ये कुठल्या सीटवर असतोस असं विचार. उत्तर द्यायला अडखळला की तिथं थांब, काही बोलू नकोस, तो स्वतः पुढं बोलेल. दुखतं किती वाजता ते आठ दिवस लिहून ठेव आणि रविवारी दुखतं का ते बघ. शी रोज होते का बघ. त्याच्या बाईंना भेट, तक्रार घेऊन जाऊ नकोस, वही घेऊन जा. शाळेतल्या मावशींना पण भेट, त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, ताप, उलट्या, वजन कमी होणं, शीतून रक्त, उजवीकडे खाली हात लावू देत नाही असं काही असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे, लगेच, तपासून झालंय म्हणून बसू नकोस. तुझंच मन फार जड झालं तर 14416 ला फोन कर, टेली-मानसचा आहे, सरकारचा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि शाळेत कुणी त्याला त्रास देतंय, अंगाला हात लावतंय अशी शंका जरी आली तर 1098 ला फोन कर, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे ती. शंका खरी का खोटी ते ठरवायचं काम आपलं नाही.

दुखतच नाही तुला, असं मात्र त्याला म्हणू नकोस. दुखत असतं गं.

ती मुलगी आता सहावीत आहे. मागच्या आठवड्यात लहान भावाला सोडायला आली होती, माझ्याशी दोन शब्द बोलली आणि सरळ मुलींच्या बाथरूमकडे गेली, दार लावून उघडून बघितलं, परत येऊन म्हणाली, "बाई, खालची कडी जाम व्हायला लागलीय." मी बघितली, खरंच होतेय, पहिलीच्या पोरींना जोर लावायला लागतोय. उद्या सोमवार आहे, तेलाची बाटली पिशवीत टाकून ठेवलीय.